पाणकराची झोप

दुपारच्या झोपेत कोणी ढवळाढवळ केली की मी कोणाचीच नसते. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे, सासरच्यांना ठाऊक आहे, आणि केशोरीत भाड्याचं घर घेतलं त्याच आठवड्यात शेजारच्या सुशीलाबाईंनाही ते कळणार होतं. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. जेवणं आटोपून मी जरा अंग टाकलं, डोळा लागतो न लागतो तोच भिंतीच्या आतून धब्ब, धब्ब असा आवाज सुरू झाला. मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले. आवाज मध्येच थांबायचा, आता थांबला बाई म्हणून मी कूस बदलावी, तर पुन्हा धब्ब. शेवटी मी पदर खोचला आणि भांडायला निघाले.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. माझे यजमान, उमेंद्र, शाळेत मास्तर. त्यांची बदली अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाली आणि आम्ही तिरोड्याकडची पवार माणसं तलाव बांधणाऱ्या कोहळ्यांच्या गावात येऊन पडलो. ओळखदेख कोणाची नाही. पण भांडायला ओळख लागत नाही, असं माझं मत आहे.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीच्या खिडकीला ओलं पोतं टांगलेलं, त्यातून गार, हिरवट उजेड आत येत होता. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबता. त्यांच्या उशाशीच कपडे धुवायची मशीन होती. वरून कपडे टाकायची, दोन टबांची, मूळची पांढरी पण आता हळदीच्या हाताने पुसल्यासारखी पिवळट झालेली. तिचं झाकण लागत नव्हतं. आत कोंबलेल्या वाकळा फुगून वर आल्या होत्या आणि एक काटकुळी बाई कपडे बडवायच्या थापीने त्या आत दाबत होती. मशीन अशी धापा टाकत होती की मला तिचीच आधी दया आली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मला हाताला धरून ओसरीत आणलं आणि मी कोण, कुठली, काही न विचारता म्हणाल्या, "मळलेलं काही हाय का वं तुह्या घरी? चादर, वाकळ, जड असंल ते आन. धुवून देईन."

भांडण घशातच राहिलं. मी घरी गेले आणि पलंगावरची सोलापुरी चादर ओढून घेऊन आले. भांडायला जाऊन धुणं देऊन आलेली बाई साऱ्या तालुक्यात मी एकटीच असेन.

पुढे सगळं कळलं, आणि ते गावात कोणापासून लपलेलंही नव्हतं. ती मशीन कपड्यांसाठी नव्हतीच. ती सुशीलाबाईंच्या नवऱ्याला, देवचंदकाकाजींना, झोपवण्यासाठी होती.

काकाजी गावचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा माणूस. धान पोटरीवर आलं की कोणाच्या बांधीत केव्हा आणि किती पाणी जायचं ते पाणकर ठरवतो, आणि गाव त्याबद्दल त्याला आपल्या पिकातलं धान देतं. तलावाच्या पोटाशी पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. ते उघडायचा हक्क पाणकराचा, दुसऱ्या कोणाचा नाही. काकाजींचे बाप-आजे हेच करत आले होते, आणि मूळ तलावही आपल्याच घराण्याने बांधला असं ते सांगत. रात्रभर कंदील घेऊन बांधीबांधीत पाणी फिरवायचं आणि दुपारी तलावाच्या पाळीवर, आंब्याखाली, आडवं व्हायचं. खाली लाटा दगडांवर आपटत असायच्या. त्या आवाजात पाणकराला झोप लागते. आवाज थांबला की मात्र तो ताडकन उठतो, कारण पाणी दगडांपासून मागे सरलं म्हणजे कोणीतरी चोरून तुडूम खोललं, नाहीतर पाळ तरी फुटली. काकाजींचं सारं आयुष्य असं झोपण्यात आणि उठण्यात गेलं होतं.

मग त्यांना लकवा मारला. डावा हात गेला, डावा पाय ओढत, काठी टेकत चालता येई. बोलणं शाबूत राहिलं, पण काल कुठला आणि आज कुठला याचा मेळ गेला. आणि घराच्या चार भिंतींत आल्यावर झोप उडाली. दुपारी झोप झाली नाही की संध्याकाळी ते काठी घेत आणि तलावाकडे निघत. एकदा असे पोचलेही. तुडुमावर उतरायला गेले आणि घसरले. सुशीलाबाई मागे धावत होत्या म्हणून वाचले. त्यांनी लुगड्यासकट पाण्यात उडी टाकली आणि नवऱ्याला केसांना धरून काठावर ओढलं. त्या दिवसापासून त्यांच्या जगण्यात एकच काम उरलं. दुपारी म्हातारा झोपला पाहिजे. झोपला तर संध्याकाळी शांत बसून भात खातो, आणि नाही झोपला तर त्याला तलाव दिसायला लागतो.

मशीन नव्व्याण्णव सालची. त्यांचा एकुलता एक मुलगा हिमांशु नागपूरला नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवाळीला आईसाठी ती धानाच्या ट्रकवर लादून घेऊन आला. सुशीलाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, वर विणलेला रुमाल घातला आणि त्यावर पिठाचा डबा ठेवला. पुढची काही वर्षं ती बिचारी पिठाच्या डब्याचं टेबल होऊन उभी होती.

लकव्याच्या वर्षी दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि ज्या घरात पाहुणे मावत नाहीत तेच घर खरं असं समजतात. पाहुणे गेले की मागे उरतात वाकळा. दरवर्षी त्या तलावावर नेऊन धुवायच्या, पण आता म्हाताऱ्याला एकटं सोडून जायची सोय नव्हती. म्हणून सुशीलाबाईंनी पिठाचा डबा उतरवला आणि झाडून साऱ्या वाकळा एकदम मशीनमध्ये कोंबल्या. कोहळ्याच्या घरात हीच चूक होणार, दुसरी होणं शक्य नाही. तिथे जन्मल्यापासून एकच शिकवण असते की तलाव काठोकाठ भरलेला शोभतो, अर्धा राहिला तर ते दुष्काळाचं लक्षण. अर्धा टब भरून मशीन चालवावी हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

मशीन आधी गुरगुरली, मग अडली, आणि मग तिच्या पोटातून एक खोल आवाज निघाला. ओल्या वाकळांचा गोळा एकदा इकडे आपटे, जरा थांबे, मग तिकडे आपटे. सुशीलाबाई सांगत, "माह्या अंगावर काटाच आला. मांगं पायलं, तं हे घोरून राहिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लुगडी आणि एक धोतर टाकून मशीन लावली. ती रिकाम्या डब्यातल्या खड्यांसारखी वाजली आणि काकाजी उठून बसले. "हा कोनचा तरा वं?" त्यांनी विचारलं. "डबकं हाय हे, डबकं!"

तेव्हा मामला असा होता. भरलेली मशीन म्हणजे तरा, म्हणजे तलाव, आणि हलकी मशीन म्हणजे डबकं. पण घरात माणसं दोन. रोज मशीन गच्च भरायची तर एवढं मळकं धुणं आणायचं कुठून? म्हणून ही बाई दारोदार जाऊन लोकांचे मळके कपडे मागत असे. नवख्या माणसाला वाटे की केवढी पुण्यवान बाई, फुकटात गल्लीचं धुणं करते. पुण्य कसलं आलंय! तिला आमच्या घामाच्या चादरींची आमच्यापेक्षा जास्त गरज होती.

आता खरं सांगायचं तर त्या मशीनमध्ये कपडे काही स्वच्छ निघत नसत. निघतील कसे? वाकळेला हलायला जागा नाही, पाणी आतपर्यंत जात नाही, साबण घड्यांत तसाच. माझी सोलापुरी चादर पांढरे पट्टे घेऊन परत आली. मी चरफडत ती घेऊन गल्लीच्या विहिरीवर गेले, तर तिथे गल्लीतली नंदाबाई, पलीकडच्या दुधरामची बायको आणि आणखी दोघीतिघी आपापलं धुणं दगडावर आपटत बसलेल्या. सुशीलाबाईंकडून आलेलं तेच धुणं सगळ्या दुसऱ्यांदा धूत होत्या.

"त्यांना सांगत का नाही?" मी विचारलं.

"कायले सांगाचं?" नंदाबाईने चादर पिळत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हातारा झोपते ना? मंग झालं."

मीही गप बसले आणि चादर धुतली. चार दिवसांनी तिच्यावर जेवणाचं ताट सांडल्याचं निमित्त करून पुन्हा सुशीलाबाईंकडे नेऊन दिली.

उन्हाळा-हिवाळा, दुपारी बाराला लाइट यायची आणि चारला जायची. लोडशेडिंगचे दिवस होते. बाराच्या आत सुशीलाबाई विहिरीचं पाणी बादल्यांनी आणून टब भरून ठेवत. लाइट आली की मशीनची कळ फिरवत. कळ टिकटिक करत शून्यावर यायला लागली की ती पुन्हा फिरवायची, कारण मशीन थांबली की काकाजींचा डोळा उघडलाच. त्यामुळे त्यांना स्वतःला दुपारी पापणी मिटायची सोय नव्हती. एक हात कळीवर ठेवून त्या खाटेला टेकून बसत आणि नवऱ्याच्या छातीकडे पाहत राहत.

चार वाजता लाइट गेली की मशीन थांबे. काकाजी डोळे उघडून खणखणीत आवाजात विचारत, "तुडूम कोनं खोललं?"

"कोनी नाही. तरा भरला हाय. चहा घ्या," सुशीलाबाई म्हणत.

हा सवाल-जवाब मला भिंतीपलीकडून रोज ऐकू येई. आमच्या घरात चहाचं आधण त्यावर ठेवलं जाई. घड्याळ बंद पडलं तरी आम्ही कित्येक दिवस सेल आणला नव्हता.

मशीनचं मळकं पाणी सोडायला मागे एक पाइप असतो. तो खाली टाकला की पाणी भळाभळा वाहून जातं. सुशीलाबाईंनी तो एकदाच टाकला होता. पाण्याचा तो आवाज ऐकून काकाजी "पार फुटली!" म्हणून किंचाळत उठले, म्हणजे तलावाची पाळ फुटली, आणि खाटेवरून खाली पडले. तेव्हापासून पाइप भिंतीच्या खुंटीला सुतळीने करकचून बांधलेला. पाणी काढायचं तर लोट्यालोट्याने, आवाज न करता, काकाजी जागे असताना. गल्लीतल्या इतर मोऱ्यांचं पाणी रस्त्यावर येई. त्यांच्या घरासमोरची नाली कायम कोरडी असे.

मी भांडायची ती राहूनच गेली. उलट झालं असं की महिनाभरात मला त्या आवाजाशिवाय झोप येईना. भिंतीला पाठ लावून पडलं की धब्ब पाठीतून आत शिरे, छातीत जाऊन थांबे, आणि पुढच्या धब्बची वाट पाहता पाहता मी कुठल्या कुठे जाई. मी तलावाच्या गावची नाही. तरी मला स्वप्नात तलाव दिसायचा. माझी खाट पाण्यावर तरंगतेय, कडेला कमळाची पानं, वरून पाणकोंबडी तुरुतुरु चालत गेली तरी पान हलत नाही, आणि दूर पाळीवर एक माणूस आंब्याखाली झोपलेला. मी त्याच्याकडे जायला वल्हं शोधायची आणि वल्ह्याच्या जागी हातात थापी यायची. हर्षिता जन्मली, तीही त्या भिंतीशीच झोपायला शिकली. दिवाळीला तिरोड्याला गेलो की पोरगी दुपारभर रडे आणि सासूबाई माझ्या दुधाला नावं ठेवत. त्यांना काय सांगणार, की हिला शेजारणीच्या वाकळा लागतात म्हणून!

एवढं सगळं ओझं ओढून ती मशीन कशी टिकली, हे कोडं मला एकटीला नव्हतं. सौंदडहून चुन्नीलाल मिस्त्री यायचा. मोटरसायकलच्या पिशवीत पाने-पक्कड आणि तोंडात गोंदियाची हिंदी. मागचा पत्रा उघडून तो दरवेळी कपाळाला हात लावी.

"बाई, ये कपड़े की मशीन है, बैलबंडी नहीं है. आधी भरा करो, आधी."

"अर्धी काऊन भरू?" सुशीलाबाई म्हणायच्या. "तरा भरला का जास्तीचं पानी सलंगानं आपल्या आपन जाते. तुह्या मशिनीले सलंग नाही ठेवला का कंपनीनं?"

"है ना! ज्यादा पानी को रास्ता दिया है. ज्यादा वाकळ को किधर से रास्ता दूं?"

मी हसून हसून खाली बसले होते. पण मग तो जरा गंभीर झाला. पट्टा झिजून आरशासारखा गुळगुळीत झालेला त्याने बोटाने दाखवला. खालचा पाया एका कोपऱ्यात तडकला होता, तिथे सुशीलाबाईंनी तलावावरचा सपाट दगड लावला होता. चुन्नीलाल म्हणाला, आजची मशीन असती तर केव्हाच बसली असती. हिच्यात जाड लोखंड आहे, मोटर तांब्याची आहे, म्हणून ओढतेय. पण हिचं सामान आता निघत नाही, आणि रोज असं कोंबून भरली तर किती दिवस ओढेल ते तो सांगू शकत नव्हता.

"मले जास्त नाही पायजे," सुशीलाबाई काकाजींकडे पाहत म्हणाल्या. "यायच्या आंधी जाऊ नको म्हना तिले. येवढंच."

जाताना चुन्नीलालने पिशवीतला जुना पण बरा पट्टा काढून मशीनवर ठेवला.

माझं म्हणाल तर ती मशीन लोखंडाने नाही, सुशीलाबाईंच्या हाताने टिकली. त्या तिच्यावर ओझं घालत, पण तिला कधी एकटी सोडत नसत. थोड्या थोड्या वेळाने मागे हात घालून मोटरला उलटा पंजा लावून पाहत, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहतात तसं. फार गरम लागली तर हलकेच दोन वाकळा काढून घेत, पत्र्यावर ओला पंचा टाकत. पिळायच्या दुसऱ्या टबात त्यांनी वाकळ कधी घातली नाही. ती आम्ही दोघी अंगणात पिळायचो, एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. वाळलेल्या बाईच्या मनगटात एवढा जोर कुठून येतो, असं मला वाटे. पाच मिनिटांत माझे हात भरून येत आणि त्या मात्र माझ्या टोकाकडे बघून म्हणत, "मास्तरीनबाई, जेवली नाही का आज?"

दोन हजार नऊमध्ये हिमांशु नवी मशीन घेऊन आला. चांगला मुलगा, आईची काळजी करणारा. आईने इतकी वर्षं त्या खटाऱ्याशी झुंजावं हे त्याला बघवेना. त्याने जुनी उचलून गोठ्यात ठेवली आणि नवी जागेवर बसवली. नवी आपली आपण पाणी घेई, आपली आपण सोडे. सुशीलाबाईंनी सवयीने वाकळा कोंबल्या. मशीनने जरा हलून पाहिलं, टीं टीं केलं, लाल दिवा लावला आणि बसून राहिली.

"आई, ती वजन करते," हिमांशुने समजावलं. "जास्त झालं तर चालतच नाही. टिकायची असेल तर तसंच पाहिजे."

हिमांशु सुट्टी संपवून नागपूरला गेला. नव्या मशीनमध्ये बेताचे कपडे घातले की ती पाण्यात बोट फिरवल्यासारखा हलका आवाज करी. भिंतीपलीकडे मलासुद्धा तो ऐकू येत नसे. त्या दुपारी मी जागी, हर्षिता जागी, आणि काकाजी खाटेवर बसून दाराकडे पाहत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत ओसरीत बसले होते, तर काकाजी काठी टेकत माझ्या समोरून निघालेले. चेहरा कामावर निघालेल्या माणसाचा.

"कुठे निघाले काकाजी?"

"तऱ्यावर. पानी वाजून नाही राहिलं. दोन दिवस झाले, वाजूनच नाही राहिलं."

सुशीलाबाई मागून धावत आल्या. त्यांच्या हातात थापी होती आणि डोळ्यांत जी भीती होती ती मी आधी कधी पाहिली नव्हती. आम्ही दोघींनी काकाजींना गोडीगुलाबीने मागे फिरवलं. मग नंदाबाईला हाक मारली आणि तिघींनी मिळून जुनी मशीन गोठ्यातून ओढत आत आणली, तिच्या दगडासकट. शेणाने भरलेले पाय धुवायचंही थांबलो नाही. गल्लीभर फिरून जे मिळेल ते आणलं, स्वच्छ-मळकं काही पाहिलं नाही. मी तर कपाटातली नवी कोरी दुलई आणून दिली. सुशीलाबाईंनी कळ फिरवली. मशीन अडली, गुरगुरली, आणि धब्ब. काकाजींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. सुशीलाबाई तिथेच मशीनला टेकून रडल्या, तोंडात पदराचा बोळा घालून, आवाज होऊ नये म्हणून.

हिमांशुचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आईचं एवढंच ऐकू आलं, "तुही मशीन लय शिकलेली हाय बेटा. आमच्यासारख्याचं तिचं जमत नाही." नव्या मशीनमध्ये पुढे लाखोळीची डाळ ठेवली जायची. डाळीला मुंगी लागली नाही, हा तिचा मोठा गुण म्हणून सुशीलाबाई सांगत.

शेवटची दुपार चैत्रातली, दोन हजार अकराची. तलाव आटून मधोमध डबक्याएवढा झाला होता, लाटबिट कुठली? गावात पाण्याचा आवाज येत असेल तर तो त्या एका मशीनचाच. बाहेर ऊन एवढं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. मी आणि हर्षिता भिंतीशी झोपलो होतो. मला तोच तलाव दिसत होता, पण आज खाट कुठे जात नव्हती, एका जागी हलत होती. मग जळक्या रबराचा वास आला आणि मी जागी झाले.

आवाज चालूच होता. पण त्यात नेहमीची ऊठबस नव्हती. एरवी धब्बच्या मध्ये सुशीलाबाईंच्या बांगड्या वाजत, मोटर तापली की वाकळ काढल्याची सळसळ होई. आज नुसती धब्ब, धब्ब, आणि वास वाढत चाललेला. मला रागच आला. इतकी वर्षं जपलेली मशीन ही बाई आज जाळून टाकणार! मी तशीच उठून गेले.

सुशीलाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, एक हात कळीवर. मशीनच्या मागून बारीक धूर निघत होता.

"काकी, पट्टा जळतोय! थांबवा ना!"

"नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "थांबवली तं यायले उठा लागंल."

मी काकाजींकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड करून ते नेहमीसारखे झोपले होते. मी त्यांच्या पायाला हात लावला. एवढ्या उन्हात तो पाय गार होता.

"मघा माहा डोळा लागला," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "कधी लागत नाही, आज लागला. कळ संपून गेली. मशीन थांबली, त्यानं मी जागी झाली. यायनं विचारलंच नाही वं. मी वाट पायली. विचारलंच नाही. मंग मी कळ फिरवून देल्ली."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. कळ टिकटिकत शून्याकडे आली की त्या फिरवत. एकदा त्यांचा हात उचललाच गेला नाही, तेव्हा मी फिरवली. किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. खिडकीच्या पोत्यातून हिरवट उजेड येत होता, भिंत हलत होती, आणि पलीकडे माझी लेक झोपलेली होती. त्या वेळी मला खरंच वाटलं की हे असंच चालू राहील तोवर काही झालेलं नाही.

मग चार वाजले आणि लाइट गेली.

मशीन थांबली. टबातलं पाणी जरा हललं आणि निवांत झालं. आम्ही दोघी खाटेकडे पाहत राहिलो. मी श्वास धरून ठेवला होता, सुशीलाबाईंनीही धरला असावा. दूर कुठेतरी एक कोंबडी कुचकुचली. खाटेवरून कोणी काही विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने सुशीलाबाई उठल्या. काकाजींच्या अंगावरचं पांघरूण त्यांनी खांद्यापर्यंत सारखं केलं, कपाळावरून उलटा हात फिरवला, आणि मला म्हणाल्या, "खोल वं आता तुडूम."

खुंटीची सुतळी इतक्या वर्षांत घट्ट बसली होती, ती मला दातांनी तोडावी लागली. मी पाइप खाली सोडला. पाणी भळाभळा निघालं, मोरीतून बाहेर गेलं, कोरड्या नालीत उतरलं आणि आधी माझ्या दारापुढून, मग दुधरामच्या, मग नंदाबाईच्या दारापुढून वाहत गेलं. त्या घरातून इतकं पाणी वाहून आलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. नंदाबाई दारात आली, तिने नालीकडे पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. मग एकेक दार उघडत गेलं. आम्हाला कोणाला बोलवायला जावं लागलं नाही.